चर्चेआधीची चर्चा : संरक्षण आणि डिजिटल चलनाच्या विधेयकांसाठी सभागृह नियम कसे ठरवते

१५ जुलै २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एक मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात २२३. ठराव फेटाळला गेला आणि सभागृहाचे पुढचे काम थांबले. हे मतदान कोणत्याही विधेयकावर नव्हते. चार विधेयकांवर चर्चा कशी करायची, किती वेळ करायची, कोणाला दुरुस्त्या मांडू द्यायच्या, एवढेच त्या ठरावात लिहिलेले होते. चारपैकी एक विधेयक संरक्षण खर्चाचे होते, उरलेली तीन डिजिटल चलनाशी संबंधित होती.

तुम्ही राज्यशास्त्राचे पुस्तक उघडले तर विधेयकाचा प्रवास असा दिसतो : पहिले वाचन, समिती, दुसरे वाचन, तिसरे वाचन, दुसरे सभागृह, स्वाक्षरी. आकृती नीट आहे, पण एक महत्त्वाची गोष्ट तिच्यात दिसत नाही. विधेयक सभागृहात येण्याआधी ते कसे यावे हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो. या पाठात आपण वरचे उदाहरण धरून ही आधीची पायरी पाहणार आहोत. शेवटी आपल्या संसदेत याच दोन विषयांचे काय होते तेही पाहू.

विशेष नियम म्हणजे काय

प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य आहेत. समित्यांतून बाहेर पडलेली विधेयके कार्यसूचीवर रांगेत उभी राहतात. रांगेप्रमाणे घ्यायचे म्हटले तर महत्त्वाच्या विधेयकाची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे एखादे विधेयक रांग मोडून पुढे आणायचे असेल तर सभागृहाची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी देणारा ठराव म्हणजे ‘विशेष नियम’. नावात ‘नियम’ असला तरी तो कायमचा नसतो. त्या विधेयकापुरता किंवा त्या गठ्ठ्यातील विधेयकांपुरता तो लागू असतो.

हा ठराव नियम समिती तयार करते. समितीत १३ सदस्य असतात : नऊ बहुमतातील पक्षाचे, चार अल्पमतातील. सभागृहात दोन्ही पक्षांचे बळ जवळपास सारखे असले तरी समितीतले हे प्रमाण बदलत नाही. म्हणजे ही समिती कोणाची आहे याबद्दल कोणी संकोच बाळगत नाही. ती सभागृहाच्या अध्यक्षांची आणि बहुमतातील पक्षाची आहे. १९१० पर्यंत तर अध्यक्ष स्वतः तिचे सदस्य असत. जोसेफ कॅनन यांच्या एकछत्री कारभाराला कंटाळून त्यांच्याच पक्षातील काही सदस्यांनी विरोधकांशी हातमिळवणी केली आणि अध्यक्षांना समितीबाहेर काढले. नंतरच्या काळात अध्यक्षांचे वजन दुसऱ्या वाटेने समितीत परत आले, पण तो वेगळा इतिहास आहे.

विशेष नियमाचा मजकूर रूक्ष असतो, आणि विद्यार्थी तो सोडून देतात. तसे करू नका. त्यात चार गोष्टी शोधा.

पहिली, वेळ. सर्वसाधारण चर्चेला बहुधा एक तास मिळतो. तो संबंधित समितीचे अध्यक्ष आणि तिथले अल्पमत पक्षाचे ज्येष्ठ सदस्य यांच्यात निम्मा निम्मा वाटला जातो. कोणत्या समितीचे, हेही नीट पाहा. क्रिप्टो बाजाराच्या विधेयकात शेती समितीलाही वाटा होता. शेतीचा इथे काय संबंध, असे वाटेल. पण धान्याच्या वायदे बाजारावर देखरेख करता करता जी यंत्रणा उभी राहिली, तिच्याच हाती अमेरिकेत वस्तूंच्या वायदे व्यवहारांचे नियमन आहे आणि त्या यंत्रणेवर काँग्रेसची शेती समिती लक्ष ठेवते. काही डिजिटल मालमत्तांना ‘वस्तू’ म्हटले की शेती समिती आपोआप टेबलाशी येऊन बसते.

दुसरी गोष्ट दुरुस्त्यांची, आणि खरी ताकद इथे आहे. नियम ‘खुला’ असेल तर कोणीही सदस्य विषयाला धरून दुरुस्ती मांडू शकतो. ‘आखीव’ असेल तर समितीने आधी निवडून छापलेल्या दुरुस्त्याच मांडता येतात. ‘बंद’ असेल तर सभागृहात एकही दुरुस्ती येत नाही. विधेयक आहे तसे घ्या किंवा नाकारा. खुले नियम आता जवळजवळ दिसत नाहीत.

तिसरी, हरकतीचे मुद्दे. सभागृहाचे कायमचे नियम मोडणारी तरतूद विधेयकात असेल तर कोणीही सदस्य उठून हरकत घेऊ शकतो. विशेष नियमात ‘सर्व हरकतींचे मुद्दे माफ’ असे एक वाक्य असते. त्या एका वाक्याने कायमचे नियम तेवढ्यापुरते गप्प होतात.

चौथी, बांधणी. एका ठरावात किती विधेयके गुंफली आहेत? मंजूर झाल्यावर ती वेगवेगळी राहणार की एकत्र शिवली जाणार? जुलै २०२५ चा सगळा वाद या चौथ्या मुद्द्यावर होता.

चार विधेयके, एक गठ्ठा

आता ती चार विधेयके पाहू. संरक्षण विनियोजन विधेयक आर्थिक वर्ष २०२६ साठी सुमारे ८३२ अब्ज डॉलरच्या खर्चाला मंजुरी देणारे होते. त्याला आखीव नियम होता, निवडक दुरुस्त्या मांडता येणार होत्या. ‘जीनियस’ विधेयक स्टेबलकॉइनबद्दल होते. स्टेबलकॉइन म्हणजे खासगी कंपनीने काढलेले आणि डॉलरशी एकास एक बांधलेले डिजिटल नाणे. ते काढणाऱ्याने तेवढ्याच किमतीची रोकड किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे राखून ठेवले पाहिजेत, असे हे विधेयक सांगत होते. ‘क्लॅरिटी’ विधेयक कोणती डिजिटल मालमत्ता कोणत्या नियामकाच्या अखत्यारीत येते याची वाटणी करत होते. चौथे विधेयक अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, म्हणजे फेडरल रिझर्व्हला, स्वतःचे डिजिटल चलन काढण्यास मनाई करणारे होते. चलनाच्या तिन्ही विधेयकांना बंद नियम होता.

बंद का? जीनियस विधेयक सिनेटने १७ जून रोजी ६८ विरुद्ध ३० मतांनी मंजूर करून पाठवलेले होते. प्रतिनिधीगृहाने त्यात एक स्वल्पविराम जरी बदलला असता तरी विधेयक सिनेटकडे परत गेले असते. सिनेटमध्ये चर्चा थांबवायलाच १०० पैकी ६० मते लागतात. याच विधेयकावर ८ मे रोजी ती मते मिळाली नव्हती, त्या दिवशी ४८ विरुद्ध ४९ अशी अडवणूक झाली होती. ही वाट पुन्हा चालण्याची नेतृत्वाची तयारी नव्हती.

इथेच रिपब्लिकन पक्षातील कडव्या गटाचे बिनसले. त्यांना सर्वांत प्रिय होते ते चौथे, मनाईचे विधेयक. सरकारने डिजिटल डॉलर काढला तर नागरिकाच्या प्रत्येक खर्चावर सरकारची नजर राहील, अशी त्यांची भीती होती. त्यांचा हिशेब सरळ होता : मनाईचे विधेयक एकटे सोडले तर प्रतिनिधीगृहात मंजूर होईल आणि सिनेटमध्ये धूळ खात पडेल. ते जीनियस किंवा क्लॅरिटीला बांधले तरच पुढे जाईल. ठरावात तशी बांधणी नव्हती, म्हणून त्यांनी ठरावच पाडला. ज्या विधेयकांना त्यांतील अनेकांचा पाठिंबा होता तीही त्याबरोबर अडली, आणि ज्याच्याशी त्यांचे काही भांडण नव्हते ते संरक्षणाचे विधेयकही.

वाचक म्हणून तुम्हाला इथे एक प्रश्न पडायला हवा. डेमोक्रॅटिक पक्षाचे काय? दोन दिवसांनी, १७ जुलैला, जीनियस विधेयक ३०८ विरुद्ध १२२ मतांनी मंजूर झाले आणि त्यात १०२ डेमोक्रॅट सदस्यांची मते होती. क्लॅरिटी २९४ विरुद्ध १३४ मतांनी मंजूर झाले, त्यात ७८ डेमोक्रॅट होते. मग याच सदस्यांनी १५ तारखेला ठरावाला मत देऊन वाट मोकळी का केली नाही?

कारण प्रतिनिधीगृहात एक अलिखित शिस्त आहे. विशेष नियमावरचे मत हे विधेयकावरचे मत मानले जात नाही. सभागृह कोण चालवतो या प्रश्नावरचे मत मानले जाते. बहुमतातील सदस्य विधेयक न आवडले तरी नियमाला ‘हो’ म्हणतो आणि विधेयकावर विरोधात मत देतो. अल्पमतातील सदस्य विधेयक आवडले तरी नियमाला ‘नाही’ म्हणतो. ही शिस्त इतकी पक्की होती की २००२ नंतर जून २०२३ पर्यंत एकही विशेष नियम मतदानात पडला नाही. जून २०२३ मध्ये ती मोडली, आणि एकदा मोडल्यावर मोडतच गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संरक्षण विनियोजन विधेयकाचाच नियम तीन दिवसांत दोनदा पडला : १९ तारखेला २१२ विरुद्ध २१४, २१ तारखेला २१२ विरुद्ध २१६. तेव्हाही सैन्याला पैसे द्यायला त्या सदस्यांचा विरोध नव्हता. एकूण सरकारी खर्च किती असावा यावर स्वपक्षाच्या नेतृत्वाशी भांडण होते आणि संरक्षणाचे विधेयक हाताशी होते, कारण ते अडले की सगळ्यांचे लक्ष जाते.

बहुमत निसटते असले की ही किल्ली फार थोड्या लोकांच्या हाती जाते. अल्पमतातील सगळे ‘नाही’ म्हणणार हे ठरलेलेच असते. मग बहुमत पक्षातले दहा-बारा जण फिरले तरी काम ठप्प होते.

१६ जुलैला फेरविचाराचा प्रस्ताव आणून ठराव पुन्हा मतदानाला टाकला गेला. (फेरविचाराचा प्रस्ताव फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेला सदस्यच मांडू शकतो. म्हणून असा ठराव पडतो आहे असे दिसले की बहुमतातील एखादा नेता शेवटच्या क्षणी स्वतःच्याच ठरावाविरुद्ध मत देतो. मतदानाची यादी वाचताना त्याला बंडखोर समजू नका.) साधारणपणे १५ मिनिटांचे असलेले हे मतदान नऊ तासांहून अधिक काळ उघडे ठेवले गेले. प्रतिनिधीगृहाच्या इतिहासातील हे सर्वांत लांबलेले मतदान ठरले. फलकावरचे आकडे तसेच आणि नेते खोल्यांमध्ये सौदा करत आहेत, असा तो दिवस होता. रात्री ठराव २१७ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाला.

सौदा काय होता? मनाईचे कलम वार्षिक संरक्षण अधिकार विधेयकाला जोडू, असे आश्वासन. इथे दोन संरक्षण विधेयकांत गल्लत करू नका. विनियोजन विधेयक प्रत्यक्ष पैसा देते. अधिकार विधेयक कोणते कार्यक्रम चालवायचे, कोणती धोरणे राबवायची याची मान्यता देते. अधिकार विधेयक १९६१ पासून दरवर्षी मंजूर होत आले आहे, आणि म्हणूनच ज्याला स्वतःच्या पायावर चालता येत नाही असे प्रत्येक कलम त्यावर चढू पाहते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती हीच. प्रतिनिधीगृहाच्या कायमच्या नियमांनुसार दुरुस्ती विषयाला धरून असावी लागते; मध्यवर्ती बँकेचे चलन आणि रणगाडे यांचा विषय एक कसा? उत्तर तुम्ही वर वाचले आहे : विशेष नियमातले हरकती माफ करणारे वाक्य.

मनाईचे स्वतंत्र विधेयक २१९ विरुद्ध २१० असे काठावर मंजूर झाले. संरक्षण विनियोजन विधेयक २२१ विरुद्ध २०९ मतांनी मंजूर झाले. जीनियसवर १८ जुलैला राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. डिसेंबरमध्ये संरक्षण अधिकार विधेयकाचा अंतिम मसुदा आला तेव्हा त्यात मनाईचे कलम नव्हते. नियमावरचे मत देऊन टाकल्यावर हाती उरते ते आश्वासन, आणि आश्वासनावर हरकतीचा मुद्दा घेता येत नाही.

आपल्या संसदेत हे कसे होते

राज्यघटनेच्या अनुच्छेद ११८ नुसार प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करते. लोकसभेत विधेयकाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समिती सुचवते. १९५२ मध्ये, ग. वा. मावळंकर अध्यक्ष असताना, ती पहिल्यांदा स्थापन झाली. अध्यक्षांसह १५ सदस्यांच्या या समितीत विरोधी पक्षांचे नेतेही असतात. शिफारशी बहुधा सहमतीने होतात आणि सभागृह त्या मान्य करते. ही समिती फक्त वेळ वाटते. अमेरिकेतल्याप्रमाणे दुरुस्त्या बंद करण्याचा अधिकार तिला नाही. लोकसभेत सदस्य सूचना देऊन दुरुस्ती मांडू शकतो. ती मंजूर होण्याची शक्यता किती, हा प्रश्न वेगळा.

मग जुलै २०२५ सारखे बंड इथे का होत नाही? एक कारण समितीतली सहमती. त्याहून मोठे कारण १९८५ मध्ये आलेली दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. प्रतिनिधीगृहातल्या त्या रिपब्लिकन सदस्यांना दुसऱ्या दिवशी फार तर कडक शब्द ऐकावे लागले. इथे त्यांना आपली जागा पणाला लावावी लागली असती. आपल्याकडे पेच पडतो तो सहसा मतमोजणीत दिसत नाही, गोंधळात आणि तहकुबीत दिसतो.

संरक्षण खर्चासाठी आपल्याकडे वेगळे विधेयक नसते. संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या अर्थसंकल्पाचा भाग म्हणून येतात, संबंधित स्थायी समिती त्या तपासते, आणि सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या मिळून एकच विनियोजन विधेयक होते. मागण्यांवर चर्चेसाठी दिवस ठरवून दिलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. लोकसभेच्या नियम २०८ मध्ये त्याची तरतूद आहे. दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांवर चर्चा होते, बाकीची गिलोटिनखाली जातात. २३ मार्च २०२३ रोजी, दोन्ही बाजूंच्या घोषणांमध्ये, एकाही मंत्रालयावर चर्चा न होता सगळ्या मागण्या मंजूर झाल्या. सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या त्या अर्थसंकल्पात संरक्षणाचे ५.९४ लाख कोटी होते. २०१८ मध्येही असेच झाले होते. गिलोटिन हा नियमभंग नाही, तो नियमच आहे. अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही तर सरकारला खर्च करता येणार नाही, म्हणून तो केलेला आहे. पण चर्चेसाठी राखलेले दिवस गोंधळात गेले की मागे फक्त पाते उरते.

डिजिटल चलनाची गोष्ट आणखी बोलकी आहे. क्रिप्टोचे नियमन आणि रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाची चौकट यांसाठी एक स्वतंत्र विधेयक २०२१ मध्ये दोनदा संसदेच्या कामकाजाच्या यादीत आले, आधी अर्थसंकल्पी अधिवेशनात आणि नंतर हिवाळी अधिवेशनात. ते मांडले गेले नाही. डिजिटल रुपया आला तो २०२२ च्या वित्त विधेयकातून. करांच्या तरतुदींच्या सोबतीने त्यात रिझर्व्ह बँक कायद्यातील बदलांचीही कलमे होती. ‘बँक नोट’ या शब्दाच्या व्याख्येत ‘भौतिक किंवा डिजिटल स्वरूपात’ अशी भर पडली आणि कलम २२अ नव्याने घातले गेले. खासगी डिजिटल मालमत्तांच्या नफ्यावर ३० टक्के करही त्याच विधेयकात होता, त्यामुळे चर्चेचे आणि वर्तमानपत्रांचे सगळे लक्ष तिकडे गेले. लोकसभेने विधेयक २५ मार्चला मंजूर केले. ते धन विधेयक असल्याने अनुच्छेद १०९ नुसार राज्यसभेला त्यात बदल करता येत नव्हता. फक्त शिफारस करता येत होती, तीही १४ दिवसांच्या आत. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला घाऊक आणि १ डिसेंबरला किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू झाली.

दोन्ही देशांपुढचा प्रश्न एकच होता : राज्याने डिजिटल चलन काढावे का? प्रतिनिधीगृहाने त्यावर स्वतंत्र मत घेतले, पण ते दुसऱ्या कशाला बांधायचे यावरून दोन दिवस सभागृह अडले. आपल्याकडे ते आधीच दुसऱ्याला बांधलेले आले, त्यामुळे अडण्याची जागाच उरली नाही. अमेरिकन पद्धत अधिक मोकळी असा निष्कर्ष घाईने काढू नका. बंद नियमामुळे तिथे त्या तीन विधेयकांवर सभागृहात एकही दुरुस्ती मांडता आली नाही. आपल्याकडे निदान सूचना देण्याचा अधिकार शाबूत होता.

हा पाठ वाचून झाल्यावर एक काम करा. २०२२ च्या वित्त कायद्याची प्रत संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्यात रिझर्व्ह बँक कायद्यात बदल करणारी कलमे शोधा, त्यांच्या आधी आणि नंतर कोणत्या विषयाची कलमे आहेत ते पाहा. मग राज्यघटनेचा अनुच्छेद ११० उघडा, धन विधेयकात काय काय येऊ शकते याची तिथली यादी वाचा, आणि नोटेची व्याख्या त्यातल्या कोणत्या उपखंडात बसते ते वहीत लिहा.